शिडीबाईने नवऱ्याला घालवलं ती दुपार

धरणावरच्या शिडीबाईने भरदुपारी नवऱ्याला हाकलून दिलं, आणि तो वळणाआड गेल्यावर मासेखात्याचा साहेब बसला होता त्या काचेच्या खोलीत शिरून तिने आतून कडी लावली, अशी कुजबुज त्या उन्हाळ्यात गावभर होती. न्हाव्याच्या दुकानात ती कडीपर्यंतच होती. पिठाच्या गिरणीत पोचेपर्यंत खोलीतला दिवाही विझला. औषधांच्या दुकानात तर संध्याकाळी दोघं बाहेर पडली तेव्हा बाई हसत होती आणि साहेबाचे डोळे ओले होते, इथवर तपशील आला. गंमत म्हणजे यातला शब्दन् शब्द खरा होता. कडी, दिवा, हसू, ओले डोळे, सगळं. चहाडखोरांच्या नशिबी असा दिवस क्वचित येतो.

शिडीबाई म्हणजे शिडीसारखी उंच, किडकिडीत बाई असेल असं कुणाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाकावं. बाई बुटकी, अंगाने भरलेली, आणि पायात गमबूट असल्यामुळे चार भिंतींपलीकडूनही येताना कळणारी. शिडी होती ती माशांची. समुद्रातून नदीत शिरायचं, उलट्या पाण्याने वर वर जायचं आणि डोंगराजवळ जिथे पाणी उथळ आणि तळाला बारीक खडी असते तिथे अंडी घालायची, हा त्या चंदेरी माशांचा वाडवडिलांपासूनचा शिरस्ता. मध्ये माणसांनी भिंत घातली. गाभोळीने भरलेले मासे भिंतीशी डोकी आपटून मरायला लागले, तेव्हा कुणाला तरी लाज वाटली आणि धरणाच्या कडेने सिमेंटच्या हौदांची रांग बांधली गेली, प्रत्येक हौद खालच्यापेक्षा हातभर उंच. वरच्या तळ्यातलं पाणी पहिल्या हौदात यायचं, फटीतून दुसऱ्यात, असं उतरत उतरत पायथ्याशी नदीला मिळायचं. मासे त्याच पाण्याचा माग काढत एकेक हौद चढायचे आणि वरच्या दारातून तळ्यात निसटायचे.

या शिडीची राखण बाईकडे. फटीत अडकलेली फांदी, पिशवी, मेलेलं काहीबाही लांब आकडीने ओढून काढायचं. दारं कमीजास्त करून पाणी बेताचं ठेवायचं, कारण फार जोर झाला तर मासा दमतो आणि कमी पडला तर त्याला वाटच सापडत नाही. आणि ऊन डोक्यावर आलं की मधल्या हौदाला लागून जमिनीखाली असलेल्या काचेच्या खोलीत जाऊन बसायचं. सकाळी पाणी गार, मासे सुस्त. दुपारी ते अंग हलवतात, आणि काचेपलीकडून चांदीच्या सुऱ्यांसारखे वर सरकताना दिसतात.

एक नियम मात्र देवघरातल्यासारखा होता. चढणीच्या दिवसांत उघडा हात पाण्यात घालायचा नाही. हे तिला मासेखात्याच्या साहेबाने, म्हणजे मासेसाहेबानेच, फार पूर्वी शिकवलं होतं. माणसाच्या कातडीचा वास पाण्यातून खाली गेला की माशाला वाटतं, वर कुणीतरी दबा धरून बसलंय, आणि तो पुढे येत नाही. म्हणून बाईचे हात कायम कोपरापर्यंत रबरी मोज्यांत. पोरीच्या लग्नातसुद्धा ती पाहुण्यांना नमस्कार करताना आधी हाताकडे बघायची, मोजे काढलेत ना म्हणून.

ही पोरगी त्या वर्षी सासरी गेली आणि घर रिकामं झालं. उरला तो नवरा. तो शिंपी. सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं. माणूस गरीब गायीसारखा, पण विसरभोळेपणा असा की एकदा एकाच गिऱ्हाइकाच्या विजारीला दोन डावे पाय शिवले आणि गिऱ्हाइकालाच विचारलं, तुमचे पाय असे कसे हो. आयुष्यभर पायाने मशीन मारून त्याच्या तळव्यांची आग व्हायची. बायको रात्री तेल लावून द्यायची आणि म्हणायची, "माझ्या नशिबी एक तर माशांची शेपटी नाही तर तुमचे पाय."

त्याच वर्षी धरणावर नवा साहेब आला, आणि त्याच वर्षी मासे चढेनात.

पायथ्याशी ते आले होते. खालच्या हौदांत नुसती गर्दी होती. दुपार झाली की कळप हलायचा, एकेक हौद चढायचा, काचेच्या खोलीसमोर पहिली नाकाडं दिसायची. बाई श्वास रोखून बसायची. आणि मग कुणी अदृश्य हाताने मागे खेचावं तसे सगळेच्या सगळे शेपटीकडून खाली घसरायचे. काच रिकामी. एकदा घाबरलेला कळप दिवस कलेपर्यंत पुन्हा हलत नाही, आणि अंधारात तर तो चढतच नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

गावाने निदान केलं की नवा साहेबच पांढऱ्या पायाचा. बाईलाही ते पटायला आवडलं असतं, पण साहेब शिडीकडे फिरकतच नव्हता. फिरकला तो एकदाच.

"बाई, तुमच्या शिडीतून जे पाणी जातं ना, ते वीजघरातून गेलं तर दवाखान्यातले दिवे दुपारी जायचे नाहीत," तो म्हणाला. आवाज चढवून नाही, हिशेब समजावल्यासारखा. "मासे चढत असते तर मी तोंड उघडलं नसतं. पण रिकाम्या शिडीला पाणी किती दिवस पाजायचं?"

"चढतील साहेब."

"शनिवारी संध्याकाळपर्यंत बघतो. तोवर कळप वर गेला तर शिडी राहील. नाही तर वरचं दार बंद करून भिंत घालून टाकू."

भिंत म्हणजे कायमची. आणि खाली हौदांत पोटुशा माशांची दाटी. त्यांना थांबायला सवड नव्हती. काहींनी खालच्या गाळातच अंडी टाकायला सुरुवात केली होती, आणि गाळात टाकलेलं अंडं म्हणजे नाल्यात टाकलेलं बी.

बाईने मग जिवाचं रान केलं. पहाटे उठून प्रत्येक फट तपासली. पाणी बोटभर कमी करून पाहिलं, बोटभर वाढवून पाहिलं. काचेवर उजेड पडतोय म्हणून दाराला घोंगडी टांगली. वरच्या दाराच्या यंत्राचं तेल गळतंय का म्हणून सकाळ-संध्याकाळ वरच्या हौदावर जाऊन पाण्याकडे नाक नेऊन हुंगलं. दुपारी मात्र ती वर जाऊ शकत नव्हती. दुपारी काच सोडायची नाही, हाही तिचाच नियम.

वरच्या हौदापाशी मागच्या फाटकावर पहारेकरी असायचा. त्याला सगळे भोंगा म्हणत. धरणाची दारं उघडायच्या आधी भोंगा वाजवणं हे त्याचं सरकारी काम, आणि उरलेल्या वेळात तो स्वतःच वाजायचा. बाईने त्याला खोदून खोदून विचारलं.

"दुपारी इकडे कुणी येतं का?"

"कोण येणार वहिनी? चिटपाखरू नाही."

"पोरं पोहायला?"

"माझ्या देखत? तंगडी तोडीन."

भोंग्याने इतक्या थोडक्यात उत्तर दिलं, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. पण जीव टांगणीला लागलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही.

घरी नवऱ्याशीही तिचं धड बोलणं होईना. तो म्हणायचा, "अगं, मासेच ते. मूड नसेल." ती म्हणायची, "तुम्ही डबा तेवढा वेळेवर आणा, बाकी माशांचं मी बघते." पोरगी होती तेव्हा डबा ती आणायची. आता तो आणायचा. दुपारी दुकान बंद करून निघायचा आणि काचेच्या खोलीच्या पायरीवर डबा ठेवून जायचा. बाईला वर आल्यावर तो सापडायचा, अन्न बहुतेक वेळा निवलेलं. एवढा उशीर का होतो, हे विचारायचं तिच्या रोज मनात यायचं आणि रोज राहून जायचं.

शनिवारी सकाळी मासेसाहेब आला. निवृत्तीला टेकलेला, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, सगळी नोकरी माशांच्या मागे घालवलेला माणूस. शिडी बांधली गेली तेव्हा तो तरुण होता. त्याने हौद पाहिले, पाणी पाहिलं, आणि काहीच चूक सापडली नाही म्हणून जास्त गंभीर झाला. दुपारी दोघं काचेच्या खोलीत बसली. धरणाचा साहेब वर पुलावर उभा होता आणि अधूनमधून घड्याळ बघत होता.

पहिलं नाकाड आलं. मग आणखी. कळप काचेसमोर येऊन थांबला. कल्ले हलत होते. मागून गर्दी रेटत होती आणि पुढचे अडून बसले होते.

"बघा आता," बाई पुटपुटली. "आता फिरतील."

फिरले. पण या खेपेला दोन डोळे जास्त होते. मासेसाहेब काचेला नाक लावून म्हणाला, "तोंड फिरवून पळाले नाहीत. वरच्या पाण्याकडे तोंड ठेवून मागे सरकले. बाई, सावली-बिवली नाही. वरून पाण्यातून काहीतरी येतंय. आणि आत्ता येतंय."

"सकाळी वर काही नव्हतं."

"सकाळचं सोडा. तुम्ही जा वर, मी काच सोडत नाही."

बाई उठली. गमबुटांचा आवाज होऊ नये म्हणून ते पायरीवरच काढले आणि अनवाणी, तापलेल्या सिमेंटवरून हौदांच्या कडेने चढायला लागली. पायाला चटके बसत होते. एका बाजूला माशांविना रिकामे हौद, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि वर पुलावर साहेबाची आकृती. वळण घेऊन ती यंत्राच्या खोलीमागे आली.

वरच्या हौदाच्या कठड्यावर, खोलीच्या सावलीत, तिचा नवरा बसला होता. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात. शेजारी डबा. समोर भोंगा स्टुलावर बसून कान कोरत होता.

"अगं, तू वर कशी?" नवरा हसला. "आणतच होतो डबा. जरा पाय गार करतोय. नुसती आग होते बघ."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा असा विजार दुमडून बसलेला.

"रोज बसता इथे?" तिने हळू विचारलं.

"डबा आणला की. पोरगी गेल्यापासून. भोंग्याला विचार की."

कुणी विचारायच्या आत भोंग्याने तोंड फिरवलं. "मास्तरांच्या तळव्यांना बरं वाटतं हो वहिनी," तो झाडाकडे बघत म्हणाला. "मी म्हटलं, घरचाच माणूस. पोरं थोडीच आहेत."

पुलावरून साहेब खाली बघत होता. खोलीआडचं त्याला दिसत नव्हतं, पण ओरडलं असतं तर ऐकू गेलं असतं. आणि साहेबाला कळलं असतं की ज्या बाईने पाण्यात हात घालायला सगळ्यांना बंदी केली, तिचाच नवरा कुंपणाच्या आत येऊन रोज पाय धुतो, तर त्याला मासे चढायची वाटसुद्धा बघावी लागली नसती. ज्यांच्याकडून राखण होत नाही त्यांना शिडी कशाला, एवढं वाक्य पुरलं असतं. शिवाय भोंग्याची नोकरी गेली असती ती वेगळीच.

"पाय बाहेर काढा," ती म्हणाली.

"आत्ताच तर घातले."

"बाहेर काढा. चप्पल घाला."

त्याने काढले. शिंप्याच्या सवयीने विजार उलगडली, चुणी हाताने सरळ केली. त्यात जो वेळ गेला त्यात बाईला घाम फुटला.

"आता ताईंकडे जा."

"कुठल्या ताईंकडे?"

"तुमच्या बहिणीकडे. घरी नका जाऊ. मी बोलवीन तेव्हा या."

घर धरणाच्या वसाहतीत, मागच्या अंगणाच्या पायऱ्या थेट तळ्यात, वरच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. हे तिला त्या क्षणी आठवलं होतं.

"अगं, पण माझं चुकलं काय?"

"आत्ता विचारू नका."

"कपडे तरी घेतो."

"पाठवते मी. जा म्हणते ना." आणि तिने फाटकाकडे बोट दाखवलं.

इतक्या वर्षांत तिने त्याला कधी असं बोट दाखवलं नव्हतं. त्याने डबा उचलला, पुन्हा खाली ठेवला. "जेवून घे," म्हणाला, आणि गेला. भोंगा चार पावलं दूर सरकला होता, पण कान जागच्या जागी ठेवून.

बाईने वरच्या दाराचं चाक दोन्ही हातांनी फिरवलं. पाणी धावलं. हौद धुऊन निघायला हवा होता, पण फार वेळ नाही, नाही तर खालचे मासे जोराने दमले असते.

"बाई," पुलावरून साहेब म्हणाला, "पाणी का वाढवलं?"

"वरचा हौद धुवायचा होता साहेब."

"आजच सुचलं?"

"आजच दिसलं."

साहेबाने मनगट वर केलं. उन्हाची तिरीप भिंतीवर सरकत चालली होती. ती भिंतीआड गेली की हौदांवर सावली, आणि सावली पडली की दिवस संपला. बाईने चाक होतं तिथे आणलं आणि खाली धाव घेतली.

शेवटचा दिवस म्हणून गावातली रिकामटेकडी मंडळी एव्हाना कुंपणापाशी जमली होती. त्यातली दोन आत घुसून काचेच्या खोलीचं दार उघडून डोकावत होती, आणि प्रत्येक वेळी काचेवर उजेडाचा पट्टा पडत होता. बाईने त्यांना बाहेर घालवलं आणि आतून कडी लावली. मासेसाहेबाने दिवा विझवला. दोघं अंधारात, काचेसमोर.

"काय होतं?" त्याने विचारलं.

"निघालं ते," ती म्हणाली.

काचेपलीकडे हिरवट पाणी, त्यात वर जाणारे बुडबुडे. बराच वेळ काही नाही. वरचं पाणी सगळे हौद धूत खाली पोचायचं, खालच्या माशांची भीती जायची, मग त्यांनी चढायचं. एवढं सगळं उजेड असेपर्यंत. पाणी हिरव्याचं करडं व्हायला लागलं.

"सावली आली," मासेसाहेब कुजबुजला.

"अजून थोडा उजेड आहे."

बाहेर कुणीतरी दारावर टकटक केली. दोघांनी मान वळवली नाही.

मग एक मासा आला. लहानसाच. काचेसमोर थांबला, कल्ले हलवले, मागे सरकला. बाईने डोळे मिटले. उघडले तेव्हा तो पुन्हा तिथेच होता. त्याने शेपटी मारली आणि वरच्या फटीत शिरला. त्याच्यामागे दुसरा. मग पाणीच दिसेना. सगळी काच अंगांनी भरून गेली, एकावर एक, घासत, रेटत, वर. बाई हसायला लागली आणि तिला थांबता येईना. मासेसाहेबाने दोऱ्याने बांधलेला चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने डोळे पुसले. तशीच दोघं कडी काढून बाहेर आली, गावासमोर.

वर धरणाचा साहेब तळ्याच्या दाराशी वाकून बघत होता. पाण्यावर रेघामागून रेघ उमटत दूर जात होती.

"ठीक आहे," तो म्हणाला. "शिडी राहील. दवाखान्याचं काहीतरी दुसरं बघावं लागेल."

दोघं वर पोचली तेव्हा मासेसाहेबाची नजर वरच्या हौदाच्या कठड्यावरच्या डब्यावर गेली. डब्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग पुन्हा डब्याकडे.

"उद्यापासून डबा कोण आणणार?"

"मी येतानाच घेऊन येईन."

"बरं," तो म्हणाला.

पुढचं भोंग्याने केलं. पायांचं सांगावं तर फाटक कुणी उघडलं हे आधी सांगावं लागणार. म्हणून त्याने तेवढं वगळलं आणि बाकीचं सगळं सांगितलं, बोट दाखवण्यासकट. नणंदेने भावाला ठेवून घेतलं आणि शेजारणींना बोलावून वहिनीचा उद्धार केला. बाईच्या कानावर सगळं येत होतं. रस्त्याने जाताना बायका गप्प व्हायच्या. ती फटक् फटक् गमबूट वाजवत जायची आणि यायची. तिकडे मासे रोज चढत होते.

चढण संपल्यावर ती स्वतः नणंदेच्या घरी गेली. नवरा ओसरीवर बसून काजं करत होता. त्याने मान वर केली नाही. तिने शेजारी बसून हळू आवाजात सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या पायांना वास येतो म्हणतेस?"

"माशांना येतो."

"लोक तुझ्याबद्दल काय काय बोलतायत. मी सांगतो सगळ्यांना खरं."

"सांगा. मग उद्यापासून मापाला आलेला प्रत्येक माणूस आधी तुमच्या पायांकडे बघेल. भोंगाही घरी बसेल."

त्याने काजात सुई खोचली. "मग तुझं काय?"

"मला कुठे कपडे शिवायचेत? माशांना गावातलं काही ऐकू येत नाही."

तो तिच्याबरोबर घरी आला. दोघांनी कुणाला काही सांगितलं नाही, आणि गावाने आपली गोष्ट जपून ठेवली.

खरं एवढंच होतं. वरच्या हौदात शिंप्याचे पाय असले की मासे चढत नव्हते, आणि नुसतं सांगितलं असतं तर तो विसरून घरामागे तळ्यात पाय सोडून बसला असता, म्हणून बायकोने त्याला चढण संपेपर्यंत बहिणीकडे ठेवलं. काचेच्या खोलीची कडी आत उजेड येऊ नये म्हणून लावली होती.